नावाड्याच्या तळपायाला जे कळते

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा पाहणाऱ्याला डोंगा म्हणजे गंमत वाटते. परंतु २३ जानेवारी २०२४ रोजी याच नदीत, खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या.

मोठ्या जहाजांवर हालचाल मोजणारी संवेदके असतात. जहाज किती कलते, किती वेळात सरळ होते, हे कप्तानाला क्षणोक्षणी कळते. त्यावरून वेग आणि दिशा ठरवून इंधनही वाचवता येते. तसले संवेदक आज आपल्या खिशातल्या स्मार्टफोनमध्ये आहे. मग ते नावेलाच का नको?

माझे आजोबा डोंगा वल्हवीत. डोंगा आळसावल्यासारखा सावकाश डुलू लागला की ते म्हणत, "भार वर चढला. बसा खाली, दोघं उतरा." शास्त्रही तेच सांगते : डोलण्याचा काळ लांबला म्हणजे तोल कमी झाला. पण उतरतो कोण? प्रत्येकाला मजुरीची घाई! नावाड्याचे ऐकत नाहीत. भोंगा वाजला तर ऐकतील, असे मला वाटते. जीवरक्षक जाकिटे आधी हवीत, हे खरेच. तरी नाव सुटण्यापूर्वी, काठालगतच दोन हेलकाव्यांत तोल सांगणारे स्वस्त यंत्र बनविणे आपल्या अभियांत्रिकीच्या मित्रांना काय अवघड आहे?