सिंहासाठी उठवलं, आला चित्ता

मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आफ्रिकेतून चित्ते आणले, हे सगळ्यांनी ऐकलंय. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून 8, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी 12. पण त्या जंगलात आधी कोण राहत होतं, हे टीव्हीवाल्यांनी किती सांगितलं?

तिथं 24 गावं होती. बहुतेक सहरिया आदिवासी. 1998 ते 2003 मध्ये दीड हजारावर कुटुंबं उठवली. कशासाठी? गुजरातच्या गीरमधून सिंह आणायचे होते म्हणून! माणसं गेली, सिंह आलेच नाहीत. गुजरात सरकार म्हणालं, सिंह आमचे, देणार नाही. 2013 ला सुप्रीम कोर्टानं सहा महिन्यांत सिंह हलवा असा हुकूम दिला, तरी एक सिंह हलला नाही. म्हणजे सरकारनं 'नाही' म्हटलं की कोर्टाचा हुकूमसुद्धा पचतो. सहरियांच्या 'नाही'ला कोण विचारतो?

त्यांचं पोट सालईच्या डिंकावर होतं. जंगल सुटलं, डिंक सुटला. बदल्यात दोन-दोन हेक्टर जमीन दिली, ती बऱ्याच जणांची दगडगोट्याची, बिनपाण्याची. जाताना मागं राहिलेली गुरं रानटी झाली, तीही जनावरांच्या पोटापाण्यात धरली. आता चित्ता हद्द ओलांडून शेतात गेला तर बेशुद्ध करून गाडीतून परत आणतात. सहरिया आत गेला तर तो चोर.

आपलं भांडण जनावराशी नाही. वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवणारी माणसं आपण, शहरातल्यांनी आपल्याला वाघ शिकवू नये. गवत वाढावं, हरणं वाढावीत, त्यांच्यामागं मोठं जनावर यावं, बरंच आहे. पण त्यासाठी पहिली कुऱ्हाड आपल्याच घरावर का?

सहरियांना उठवलं तेव्हा वनहक्क कायदा नव्हता. आता आहे. 2006 च्या कायद्याचं कलम 4(2) वाचून घ्या. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आधी सगळ्यांचे दावे निकाली लागले पाहिजेत. माणूस आणि जनावर सोबत राहूच शकत नाहीत, हे सरकारनं दाखवलं पाहिजे. ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे. नव्या जागी जमीन आणि सोयी तयार झाल्याशिवाय हलवता येत नाही.

तेव्हा साहेब 'स्वेच्छेनं जातो' असा कागद घेऊन घरोघरी फिरला तर अंगठा देऊ नका. ग्रामसभा बोलवा, बायापण आल्या पाहिजेत. पहिला प्रश्न विचारा, आमच्या दाव्यांचं काय झालं? आणि साहेब जे उत्तर देईल ते प्रोसिडिंग बुकात लिहून त्याचीच सही घ्या.