धावणाऱ्याची धास्ती नसेल तर...

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली, की फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी तिकडे गेलेल्या आईवडिलांनाही टीव्हीसमोर बसावे लागते. सुपर बोल असतो ना! हेल्मेट घातलेले बावीस आडदांड गडी एकमेकांवर आदळतात, पाच-सहा सेकंदांत सारे थांबते आणि जावईबापू ओरडतात, "काय डाव टाकला!" सासूबाईंना मात्र चेंडू कुठे होता तेही दिसलेले नसते.

खरे तर गोष्ट सोपी आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले की पुन्हा चार प्रयत्न. पुढे जाण्याचे मार्ग दोन. चेंडू छातीशी धरून धावायचे, नाहीतर क्वार्टरबॅकने तो लांब फेकायचा आणि साथीदाराने झेलायचा. धाव अडवायला बचावाचे गडी पुढे दाटीने उभे राहावे लागतात, फेक अडवायला मागे पांगावे लागतात. एकाच वेळी दोन्ही जमत नाही. म्हणून क्वार्टरबॅक कधी कधी धावणाऱ्याच्या हाती चेंडू दिल्याचे नाटक करतो. बचाव क्षणभर पुढे झेपावतो आणि मागे जागा मोकळी होते. लेगस्पिनरची गुगली फसवते तीही त्याचा लेगब्रेक ठाऊक असतो म्हणूनच.

यातला एक धागा तुटला तर काय होते, हे २० जानेवारी १९८५ रोजी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड स्टेडियमवर दिसले. मायामी डॉल्फिन्सचा डॅन मरिनो तेव्हा अवघा २३ वर्षांचा. त्या हंगामात त्याने फेकीने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन मिळवले होते. तोवर असे कोणालाच जमले नव्हते. समोर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स आणि त्यांचा क्वार्टरबॅक ज्यो मॉन्टाना.

पहिल्या पावअखेर मायामी १०-७ ने पुढे. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रशिक्षकांनी ओळखले, की मायामीच्या धावेला भिण्याचे कारणच नाही. त्यांनी धाव रोखणारे गडी कमी केले आणि फेक अडवणारे जास्तीचे खेळाडू मैदानात आणले. मरिनोला मोकळा साथीदार सापडेना. त्याने ५० वेळा चेंडू फेकला, दोनदा तो प्रतिस्पर्ध्यांनीच झेलला. अख्ख्या साखळी हंगामात ज्याला फक्त १३ वेळा चेंडूसकट पाडता आले होते, त्याला त्या एका सामन्यात चारदा पाडले. मायामीचा संघ धावला फक्त ९ वेळा आणि मिळाले २५ यार्ड!

उलट बाजूला मॉन्टानाच्या फेकीला घाबरून मायामीचे बचावपटू झेल घेणाऱ्यांमागे पाठ फिरवून पळू लागले. मॉन्टानाने ते पाहिले, चेंडू काखेत मारला आणि स्वतःच धावत सुटला. क्वार्टरबॅक असून त्याने धावून ५९ यार्ड मिळवले, म्हणजे मायामीच्या साऱ्या संघाच्या दुपटीहून जास्त. रॉजर क्रेगने तीन टचडाउन केले: दोन झेलून, एक धावून. सामना ३८-१६ असा सुटला.

आता हेही सांगायला हवे, की मागे पडलेला संघ घाईने फेकतोच आणि पुढे असलेला वेळ काढायला धावतो. तेव्हा "जास्त धावतो तो जिंकतो" असे म्हणणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडणे. हल्ली आकडेवारी खोलात जाऊन तपासतात. त्यात दिसते, की धावेला सरासरी चार-साडेचार यार्ड मिळतात आणि फेकीला त्याहून बरेच जास्त. शिवाय ते नाटक साधायला आधी भरपूर धावलेच पाहिजे असेही नाही. मला हे पटते. धावांची संख्या महत्त्वाची नव्हे, "हा धावेलही" ही धास्ती समोरच्याला असली म्हणजे झाले. मायामीबद्दल ती त्या दिवशी कोणालाच वाटली नाही.

मरिनो १९९९ च्या हंगामापर्यंत, म्हणजे एकूण १७ हंगाम खेळला. एवढ्या काळात मायामीच्या एकाच धावपटूने हंगामात हजार यार्ड ओलांडले, १९९६ साली करीम अब्दुल-जब्बारने. (बास्केटबॉलचा तो उंच जब्बार वेगळा!) सुपर बोल मात्र मरिनोच्या वाट्याला पुन्हा आला नाही.