एक्सेलमध्ये नसलेला कॉलम

गेल्या रविवारी आंबीला एका मित्राकडे गेलो होतो. निमित्त गाडी. म्हणजे अजून घ्यायची आहे ती. पठ्ठ्याने दोन महिने खपून एक्सेल शीट बनवलंय. अकरा गाड्या, तेवीस कॉलम. ऑन रोड किंमत, अ‍ॅव्हरेज, बूट स्पेस, एअरबॅग, ईएमआय, अगदी कपहोल्डर सुद्धा. (आमच्या फील्डमधला माणूस देवदर्शनाला निघाला तरी आधी एक्सेल उघडतो, त्याला इलाज नाही.)

"अ‍ॅव्हरेजला तीस टक्के वेटेज दिलंय," तो अभिमानाने म्हणाला. पहिल्या नंबरवर जी गाडी आली होती ती होतीही छान. स्वस्त, दिसायला झकास, फीचर्स भरपूर. कंपनी मात्र बाजारात नवी, विक्री जेमतेम.

म्हटलं, "अरे, ही कंपनी आठ वर्षांनी इथे असेल का, तो कॉलम कुठंय?"

"मी काय ज्योतिषी आहे का?" तो म्हणाला.

आता हे तो आंबीत बसून म्हणत होता, ही खरी गंमत. तळेगावहून इंद्रायणी ओलांडली की आंबी आणि पुढे नवलाख उंब्रे. तळेगाव एमआयडीसीचाच हा पट्टा. इथेच सप्टेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. शेवरोले बीट इथून बाहेर पडायची. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. पुढे तीन वर्षं इथे फक्त निर्यातीसाठी गाड्या बनल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. हजाराहून जास्त कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. ग्रेट वॉल ही चिनी कंपनी कारखाना घेणार होती, तो व्यवहार २०२२ मध्ये बारगळला. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेतला. म्हणजे ज्योतिषाची गरज नाही, खिडकीतून बाहेर बघितलं तरी पुरे!

आणि हे एकदाच झालंय असं नाही. मॅटिझ आठवते? १९९८ साली आली, लोकांना आवडली, मग देवूचा भारतातला धंदाच बसला. २००७ मध्ये शेवरोले स्पार्क आली ती त्याच मॅटिझची पुढची पिढी. तीही २०१७ मध्ये वाऱ्यावर. एकाच घराण्यातल्या दोन पिढ्या पोरक्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. फोर्डच्या गाड्या वाईट होत्या असं त्यांचे मालकही म्हणत नाहीत, उलट दणकट म्हणून कौतुकच करतात.

तर मुद्दा असा. "रिलायबल गाडी" म्हणताना आपण फक्त मशीनचा विचार करतो. इंजिन टिकेल का, गिअरबॉक्स दगा देईल का. पण आजकाल बहुतेक गाड्यांची इंजिनं आठ-दहा वर्षं निमूट चालतात. भरवसा खरा लागतो तो गाडीच्या मागे उभ्या असलेल्या जाळ्याचा. सर्व्हिस सेंटर, पार्टवाला, ती गाडी रोज खोलणारा मेस्त्री आणि ती विकत घ्यायला तयार असलेला पुढचा गिऱ्हाईक. विंडोज एक्सपी आठवा. एप्रिल २०१४ मध्ये सपोर्ट संपला त्या दिवशी एक्सपी बिघडली नव्हती. चालतच होती. फक्त तिच्यामागे कुणी उरलं नव्हतं.

आता पैशाचं बोलू, कारण "व्हॅल्यू फॉर मनी" म्हणतच आपण फसतो. समजा गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालते. एक १८ चा अ‍ॅव्हरेज देते, दुसरी २० चा. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. वर्षाला सुमारे ५,८०० रुपयांचा फरक, आठ वर्षांत ४७,००० च्या आसपास. दुसरी गाडी घेतानाच ५०,००० नी स्वस्त होती असंही धरा. एकूण फायदा ९७,०००. आणि विकताना? पहिलीचे अडीच लाख आले आणि दुसरीची कंपनी गेल्यामुळे तिचे एक लाख, तर दीड लाखाचा खड्डा. सगळा फायदा धुऊन वर ५३,००० खिशातून! हे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. पण ज्या अ‍ॅव्हरेजवरून आपण घरात भांडतो ते या हिशोबात किती किरकोळ आहे ते कळेल.

मग काय, सगळ्यांनी डोळे मिटून सगळ्यात खपाचीच गाडी घ्यायची? तसं नाही. सगळ्यांनी तसं केलं तर नवी कंपनी कधी रुजणारच नाही. घरात दुसरी गाडी असेल, तीन-चार वर्षांत बदलायची सवय असेल, तर जरूर घ्या. फक्त जोखमीची किंमत आधी वसूल करा. किंमत थोडीशी कमी असून भागणार नाही, चांगली घसघशीत कमी हवी. पोरकी गाडी सेकंडहँड घेणं तर कधीकधी शहाणपणाचंच. घसारा पहिल्या मालकाने भरलेला असतो, ओळखीचा मेस्त्री तेवढा हवा. पण घरात एकच गाडी, तीही कर्जावर आणि दहा वर्षं चालवायची, अशा माणसाने प्रयोगशाळेतला उंदीर व्हायची काही गरज नाही.

मित्राला म्हटलं, शोरूममध्ये विचारण्याआधी तळेगावातल्या दोन गॅरेजवाल्यांना विचार. हेडलाइट, बंपर आणि क्लचप्लेट, या तिघांची किंमत किती आणि मिळायला किती दिवस लागतात ते काढ. तेच इंजिन आणखी किती मॉडेल्समध्ये आहे ते बघ, कारण जितकी जास्त मॉडेल्स तितके पार्ट जास्त वर्षं बनत राहतात. आणि त्या कंपनीच्या आठ वर्षं जुन्या गाड्या रस्त्यावर दिसतात का तेही बघ.

त्याच्या आई चहा घेऊन आल्या होत्या, शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "अरे, रात्री दोनला मला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर चालू होईल ना, एवढंच बघा रे बाबांनो." तेवीस कॉलमांत हा सुद्धा नव्हता.

परत येताना कारखान्याकडे लक्ष गेलं. २०२५ पासून तिथे ह्युंदाईच्या गाड्या बनतायत. जमिनीला, शेडला नवा मालक मिळाला. तिथून आधी बाहेर पडलेल्या बीट अजून मावळात दिसतात, त्यांना मात्र आपापल्या मेस्त्रीचाच आधार.

काल मित्राचा मेसेज आला. चोविसावा कॉलम टाकलाय, पहिला नंबर चौथ्यावर गेलाय.

गाडी अजून घेतलेली नाहीच. :)