कूतच्या वेढ्याचा जाब

डिसेंबर 1920 मध्यें आमच्या नागपुरांत राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें व असहकाराचा ठराव कायम झाला, हें येथील घराघरांत ठाऊक आहे. पंजाबांतील अत्याचार व खिलाफतीचा प्रश्न हीं त्या ठरावाचीं कारणें मुलांनाहि तोंडपाठ असतात. परंतु त्यापूर्वीं चारच वर्षें तैग्रिस नदीच्या कांठीं कूत-अल-अमारा येथें हिंदुस्थान सरकारच्या कारभाराची जी कसोटी लागली, तिचें स्मरण मराठी वाचकांस फारसें नसावें याचा आम्हांस विषाद वाटतो. कारण 103, 110 व 117 या तीन मराठा पलटणी तेथें कोंडल्या गेल्या होत्या.

स्वारीचा मूळ हेतु मर्यादित होता. नोव्हेंबर 1914 मध्यें बसरा हातीं आलें, आखाताकडील तेलाचें रक्षण झालें. पुढें विजय सोपे मिळत गेले आणि सिमल्यास व लंडनास बगदादचा मोह पडला. फौज नदीच्या वाटेनें शेंकडों मैल आंत गेली. मागून धान्य, दारूगोळा व औषधें पोंचविणाऱ्या उथळ पाण्यांतील बोटी मात्र पुरेशा वाढल्या नाहींत. खजिन्याची काटकसर चालू होती! एकत्र कुटुंबांतील कर्ता घरच्या मुलास परगांवीं धाडतांना देखील वाटखर्चाची पिशवी अगोदर मोजून पाहतो.

नोव्हेंबर 1915 मध्यें टेसिफोनपाशीं साडेचार हजारांच्या आसपास लोक ठार व जखमी झाले. जखमींस स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलें, आणि बोटींवर दाटीवाटीनें पडून त्यांपैकीं कित्येकांस बसऱ्यास पोंचावयास जवळजवळ पंधरवडा लागला. जखमा धुतलेल्या नव्हत्या. इतर अवस्था कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या पानांवर लिहवत नाहीं. ती उघड करणाऱ्या मेजर कार्टर नांवाच्या डॉक्टरास वरिष्ठांनीं शाबासकी न देतां धमकावलें.

डिसेंबरांत कूतला वेढा पडला. हिंदी शिपायांनीं प्रथम घोड्याचें मांस नाकारलें; अनेकांना स्कर्व्हीनें ग्रासलें. सुटकेसाठीं धाडलेल्या सैन्याचीच सुमारें 23,000 माणसें ठार वा जखमी झालीं. शेवटीं ब्रिटिश सरकारनें तुर्कांस वेढा उठविण्यासाठीं प्रथम दहा लाख व मग वीस लाख पौंड देऊं केले! बोटींच्या वेळीं हा हात इतका सैल कां झाला नाहीं, असें कोणींहि विचारावें. तुर्कांनीं ती लांच झिडकारली. 29 एप्रिल 1916 रोजीं सुमारें तेरा हजार लोक शरण गेले. सेनापति टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखांत राहिले. शिपाई मात्र वाळवंटांतून चालविले गेले व हजारोंनीं मेले.

मार्च 1917 मध्यें हिंदुस्थानच्या नांवानें युद्धासाठीं दहा कोटि पौंडांची देणगी जाहीर झाली. त्याच वर्षीं जूनमध्यें मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला व त्यांत सिमल्याच्या कारभारावर कडक ठपका आला. भारतमंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. हें त्यांस शोभलें. ज्यांच्या कारकीर्दींत हें घडलें ते लॉर्ड हार्डिंग परत जाऊन परराष्ट्र खात्यांत वरच्या जागीं बसले होते. त्यांनीं राजीनामे देऊं केले, ते स्वीकारले गेले नाहींत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून हे शिपाई गेले, त्यांच्यापुढें जाब देण्याची वेळ कोणावरहि आली नाहीं. 117 व्या पलटणीस 1921 मध्यें ‘रॉयल’ ही पदवी मिळाली.