पाण्यावर पहारा

हवामानबदलाला सुरक्षेशी जोडणारा ठराव 13 डिसेंबर 2021 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारतानेही विरोधात मत दिले. समुद्र चढला की तुवालूसारख्या देशाची भूमीच जाते. ती जायला वेगळ्या शत्रूची गरज नाही. भारताचा आक्षेप असा, की हा प्रश्न हवामान कराराच्या चौकटीत सोडवावा, मूठभर बड्या राष्ट्रांच्या हाती देऊ नये. आक्षेप पोकळ नाही. पण माहूरपासून लातूरपर्यंतच्या पट्ट्याने हा विषय सुरक्षेचा नाही असे म्हणणे अवघड आहे. मार्च 2016 मध्ये लातुरात जमावबंदीचे कलम 144 लागले, तेही दंगलीमुळे नव्हे, तर टँकर भरण्याच्या जागी हाणामाऱ्या होतील या भीतीने. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे होते. एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

कोणी म्हणेल, हे पाणी पिणाऱ्या उसाचे पाप आहे, हवामानाचे कशाला? ऊस दोषी आहेच, आणि साखरेच्या राजकारणाला हवामानबदल ही आयती सबब मिळू नये. पण याच पट्ट्यातल्या नांदेड जिल्ह्यात ऑगस्ट 2025 मध्ये मुखेडच्या पुरासाठी लष्कर बोलवावे लागले. लहरी पाऊस आणि चुकीचे नियोजन एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांना बळ देतात. जमावबंदी टँकर राखते, पाणी आणत नाही. म्हणून सुरक्षेचा अर्थ बंदोबस्त असा न लावता पावसाळ्यानंतरचा, 15 ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून आधी पिण्याचे पाणी राखून ठेवावे, आणि उसाच्या पाण्याचे आवर्तन त्यानंतरच ठरवावे.