अनवाणी पायांची दंतकथा



‘अनवाणी खेळण्याचा हट्ट धरल्यामुळे भारताला १९५० च्या फुटबॉल विश्वचषकाला मुकावे लागले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान ऐकायला झकास आहे, पण खरे नाही. ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया यांनी माघार घेतल्याने ब्राझीलमधील त्या स्पर्धेचे दार आपल्याला आपसूक उघडले होते. गटही ठरला होता : इटली, स्वीडन, पराग्वे. नकार दिला तो आपल्याच महासंघाने. सरावाला वेळ नाही, प्रवास लांबचा आणि खर्चिक, अशी कारणे पुढे आली. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी मात्र नंतर स्पष्टच सांगितले, की विश्वचषकाचे मोल आपल्याकडे कुणालाच कळले नव्हते. ऑलिंपिक हेच सर्वस्व होते. बुटांचे निमित्त मागाहून चिकटले. (सोयीचेही होतेच ते, दोष परस्पर ‘फिफा’वर!)

अनवाणी पायांचा खरा फटका बसला तो १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये. युगोस्लाव्हियाने १०-१ अशी धूळ चारली आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पुढे चारच वर्षांत मेलबर्नला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून उपांत्य फेरी गाठली. त्यात तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. मूळ गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. पत्रलेखकांच्या ‘सुवर्णकाळा’त १९६२ चे जकार्ताचे आशियाई सुवर्णपदक आहे, नेव्हिल नाहीत. मराठी नियतकालिकात ही उणीव फारच खटकते.

– एक वाचक, दादर