माजघराचा नकाशा

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरं एकामागोमाग लागतात. इथे मेणवलीसारखा नावाजलेला वाडा नाही की सावंतवाडीसारखा राजवाडा नाही. इथली सर्वांत देखणी जुनी वास्तू देवाची आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. मंडपातल्या कोरीव खांबांमधून पुढे गेलं की पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं आणि बाहेरचं ऊन वरच राहतं. हे देऊळ घडवणारे पाथरवट ज्या घरांत राहिले, त्यांतलं एकही आज उभं नाही.

तरीही यंदाचा दिवाळी अंक जुन्या, मोठ्या घरांना वाहिला आहे आणि तो याच पट्ट्यातून निघतो आहे. कारण इथल्या कितीतरी कुटुंबांच्या मागे एक दुसरं घर आहे. कुणाचं साताऱ्याकडे, कुणाचं खानदेशात, कुणाचं राजापूर-देवगडच्या बाजूला, आणि कुणाचं सरहद्दीपलीकडे.

उल्हासनगरात हे दुसरं घर सर्वांत दूर राहिलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली कल्याणची छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वाट्याला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. त्यांतल्या बहुतेकींची रचना एकच, मध्ये लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. त्या हॉलमध्ये आडोसे करून एकेका कुटुंबाने संसार मांडला. मागे राहिलेल्या हैदराबाद सिंधमध्ये घरांच्या गच्च्यांवर मंघ असत. नैऋत्येचा वारा पकडून तो खालच्या खोल्यांत उतरवणारे हे झरोके उन्हाळ्यात अख्खं घर गार ठेवत. शिकारपूरच्या सावकारांच्या हवेल्या कोरीव लाकूडकामासाठी ओळखल्या जात. मुखी जेठानंद यांनी हैदराबादेत १९२० साली बांधलेलं घर आज संग्रहालय म्हणून उभं आहे. छावणीत आलेले सगळेच काही हवेल्यांतून आले नव्हते. पण घरात वारा कसा आणायचा हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारी माणसं सैन्याच्या बराकीत येऊन राहिली, ही गोष्ट या शहराच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवी.

विस्थापितांच्या घरांची आठवण निघाली की रत्नागिरीचा थिबा राजवाडाही डोळ्यांपुढे येतो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून देशाबाहेर काढलं. रत्नागिरीत त्याच्यासाठी राजवाडा बांधून व्हायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ मध्ये राजाने तिथेच डोळे मिटले. त्या वाड्याच्या रंगीत काचांमधून येणारा प्रकाश आजही सुंदर दिसतो. मात्र ते घर त्याने मागितलेलं नव्हतं.

आता मराठी वाड्याकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याला त्याची भव्यता दिंडी दरवाजात दिसते. खरी गंमत आत आहे आणि ती समजायला आधी खण समजावा लागतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. लाकडी तुळई जेवढा भार पेलेल तेवढाच तो रुंद. म्हणून वाड्यातली दालनं लांबीला वाढतात, रुंदीला फारशी वाढत नाहीत. मधोमध उजेड पोचावा, पावसाचं पाणी निघून जावं आणि वारा खेळावा यासाठी चौक आला. म्हणजे ज्या चौकाच्या सौंदर्यावर इतकं लिहिलं गेलं, त्याचा जन्म सागवानाच्या ताकदीतून आणि तिच्या मर्यादेतून झाला. घर मोठं करायचं तर खोली रुंद करता येत नसे. मग आणखी एक चौक जोडला जाई. वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा असाच एकामागे एक चौक घेत उभा आहे. ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासकांना ठाऊक असलेली कागदपत्रं याच घराशी जोडलेली आहेत.

देवडी, सदर, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर असा हा प्रवास. जसजसं आत जावं तसतसा उजेड कमी होतो, आवाज कमी होतो, माणसंही कमी होतात. जाडजूड भिंतींच्या पोटातच घराचं सामान सामावलेलं असे. पणतीला कोनाडा, भांड्यांना आणि पोथ्यांना फडताळ, पागोट्याला खुंटी, धान्याला बळद. दाराचा अडसरसुद्धा दिवसा भिंतीतल्या खोबणीत सरकून जाई. त्यामुळे मोकळ्या जागेत कायमचं असं फार थोडं मांडलेलं असे. त्याच सोप्यावर सकाळी बैठक घालून लोड-तक्के टेकवले की हिशेब चालत, पंगतीच्या वेळी पाट मांडले जात, रात्री अंथरुणं पसरली जात. प्रहराप्रमाणे खोलीचं काम बदले.

बदलापूरच्या वन बीएचकेत राहणाऱ्या कुटुंबाला हे परकं वाटू नये. त्यांच्या हॉलमध्येही सकाळी मुलांचा अभ्यास चालतो, दुपारी निवडणं-टिपणं, संध्याकाळी पाहुणे, रात्री झोप. फरक एवढाच की वाड्याची भिंत हे सगळं गिळून घेई, आणि आजच्या चार-सहा इंचांच्या भिंतीत कोनाडादेखील मावत नाही. मग दिवाण, शोकेस, कपाट अशी भर पडते आणि खोली आणखी लहान होते. गंमत अशी की यातलं बरंचसं सामान उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून येतं. ज्या शहराने आपला संसार रिकाम्या बराकीत सुरू केला, ते आज आसपासच्या गावांची घरं सजवतं. या बाजारावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं, असं संपादक मंडळाचं मत आहे.

वाड्याचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकायची नाही, हेही अंक ठरवतानाच पक्कं झालं होतं. उजेड आणि मान सदरेला होता. धूर आणि कष्ट स्वयंपाकघराला. माजघरातल्या बाईला दाराबाहेरचा रस्ता दिसायचा तो वरच्या मजल्यावरच्या झरोक्यातून. ज्यांनी जोत्याचे दगड वाहिले, त्यांना बहुतेक ठिकाणी देवडीच्या पुढे पाऊल टाकता येत नसे. कुणी कुठवर यायचं हे सांगणारे उंबरठे होते ते. आत जाताना कमी होत जाणाऱ्या उजेडाची मोहिनी खरी आहे. त्या अंधारात कोण राबत होतं हे ध्यानात ठेवूनच ती अनुभवायला हवी.

वाडे टिकले ते कसे, हा या अंकामागचा खरा प्रश्न. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये पूर्ण केला. त्याचे सुरूच्या आकाराचे खांब आणि लाकडी सज्जा पाहायला आजही लोक थांबतात. पेशवाई गेल्यावर तिथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ च्या आगीत पूर्वेकडचा भाग जळाला, पुढे नगरपालिकेचं कामकाज तिथून चाललं. मालक बदलले, पण घराला काम मिळत राहिलं. १८२८ मध्ये जळालेल्या शनिवारवाड्याला तसं काम मिळालं नाही. तट, दरवाजे आणि जोती उरली. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याच्या आतल्या दालनांची आज केवळ कल्पना करावी लागते. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचंही मोठं नुकसान झालं. लाकडाच्या घराला आग आणि वाळवी हे दोन शत्रू कायमचेच.

सावंतवाडीचा राजवाडा मात्र पाहून यावा. तिथल्या दरबार सभागृहात कारागीर बसून गंजिफा रंगवतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही बुडत चाललेली कला याच घरात पुन्हा उभी केली. गोव्यात चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा घराचे दोन भाग कुटुंबाच्या दोन शाखांकडे आहेत. नृत्याचं दालन, खाजगी प्रार्थनाघर, पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्या घराण्याचं ग्रंथालय हे सगळं घरचीच माणसं पाहुण्यांना दाखवतात. घरात माणूस राहतो, झाडतो, गळकं कौल बदलतो, म्हणून ती घरं उभी आहेत. कुलूप लागलेलं घर दोन-चार पावसाळ्यांत खचायला लागतं, हे कोकणातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि बहुतेक घरांना कुलूपच आहे. वारस दहा-बारा, सातबारावर नावं त्याहून जास्त, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. शेवटी लाकूड विकलं जातं. कोरीव खांब एखाद्या रिसॉर्टच्या दारात जातो, दरवाजाचं टेबल होतं. कुणी म्हणेल, निदान वस्तू तरी वाचली. कोथरूडचा मस्तानी महाल पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा जोडला गेला, तेव्हा तो खरोखर वाचला, कारण दालनासकट आला. सुटा खांब कुठल्या खणात उभा होता, त्याच्या पलीकडे कोण बसायचं, हे कुणालाच सांगता येत नाही. जायला सर्वांत आधी जाते ती जागांची ही माहिती, आणि तिला बाजारात भावही नसतो.

तेव्हा या अंकाची वाचकांकडे एक मागणी आहे. दिवाळीत जे गावी जातील त्यांनी मोजपट्टी आणि वही सोबत न्यावी. घर उभं असो की पडकं, त्याचा साधा नकाशा काढावा: किती खण, चौक कुठे, बळद कुठे, चूल कुठल्या भिंतीला. घरातल्या सर्वांत वयस्कर आजीला शेजारी बसवून प्रत्येक जागेचं घरातलं नाव विचारून तिथेच लिहावं. ज्यांना जाता येणार नाही त्यांनी आठवणीतून काढावा. उल्हासनगरच्या बराकीचा, आडोशांनी पाडलेल्या खोल्यांसह काढलेला नकाशाही तितकाच हवा आहे. होळीपर्यंत येतील ते सगळे नकाशे पुढच्या वर्षीच्या अंकात छापायचे ठरलं आहे. घर वतनदाराचं होतं की कुळाचं, यावरून एकाचंही पान कमी होणार नाही.